साधीच बाटली, पण घोट चांगला : घरी बसून प्यायच्या सोप्या पद्धती

पेलाभर (धागाकर्ता)

मंडळी, सिंगल माल्ट कुठली घ्यावी, ड्युटी फ्रीमधून काय आणावं यावर बरंच बोलून झालंय, मला बोलायचंय ते कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमधे कुणालाही मिळणाऱ्या साध्या रम, व्हिस्की, व्होडका, जिनबद्दल. 2025 च्या जूनमधे राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हापासून खंबा घेताना खिसा चाचपावा लागतो आणि बारमधे बसायचं तर विचारूच नका, म्हणजे बहुतेकांची बैठक आता घरीच. मग घरी बसायचंच तर नीट बसूया.

माझं ठाम मत असं की साधी बाटली आपण समजतो तेवढी वाईट नसते, आपण तिचे हाल करतो. उन्हाळ्यात कपाटावर तापलेली बाटली, प्लॅस्टिकचा ग्लास, फ्रीजरमधल्या सुरमईचा वास लागलेला बर्फ आणि वर दोन लिटरच्या बाटलीतला गॅस गेलेला कोला, एवढं केल्यावर कुठलीही दारू कडूच लागणार, मग ती संपवायची म्हणून एका दमात ओढायची आणि दुसरा भरायचा.

सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, हा आकडा जुन्या ब्रिटिश प्रूफच्या मापातून आलाय, 75 प्रूफ म्हणजे 42.8. एवढ्या तीव्रतेला जीभ बधिर होते आणि नाकात नुसता स्पिरिटचा भपका जातो. 30 मिलीत 30 मिली पाणी घातलं की ते 21 टक्क्यांच्या आसपास येतं आणि तिथे रममधली काकवी, व्हिस्कीतलं लाकूड असलं काहीबाही नाकाला कळायला लागतं. लांब पेला हवा असेल तर 30 ला 90 पाणी, म्हणजे पावणेअकरा टक्के, वाइनपेक्षाही हलकं, तासभर पुरतं. आणि मोजून ओता हो. स्टीलचं 30-60 चं माप भांड्यांच्या दुकानात मिळतं, अंदाजे ओतलेला पेग दुसऱ्या राउंडपासून मोठाच होत जातो हे सगळ्यांना माहितीय.

आता बर्फ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात फुकट आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. ट्रेमधले छोटे खडे पाच मिनिटात वितळतात आणि पेला पांचट करतात, शिवाय उघडा ट्रे फ्रीजरमधला प्रत्येक वास ओढून घेतो. झाकणाचा एक स्टीलचा डबा घ्या, आपला डाळ-तांदूळ ठेवायचा छोटा डबा चालतो, काठोकाठ न भरता बोटभर कमी पाणी भरा (बर्फ फुगतो), झाकण लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी डबा उलटा करून नळाखाली धरला की अख्खा ठोकळा सुटून हातात येतो. तो ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने दोन ठोके, मुठीएवढे तुकडे पडतात. असा एक तुकडा ग्लासात टाकला की पेला अर्धा तास थंड राहतो आणि पाणी हळूहळू सुटत जातं, पहिला घोट कडक आणि शेवटचा मऊ. डब्यावर झाकण असल्यामुळे वासही लागत नाही.

तर तुम्ही घरी काय करता ते सांगा. शेकर, सिरप, ढीगभर साहित्य लागणारं नको, स्वयंपाकघरात असतं त्यात होणारं हवं.

कसबा_पेठ

वाचनखूण साठवलीय. डब्याचा बर्फ आजच लावतो. पण रम आणि कोला याला तुमचा एवढा विरोध का? कॉलेजपासून तेच पितोय.

पेलाभर

विरोध नाही हो, फक्त प्रमाण. कोल्यात 100 मिलीला साधारण 10 ग्रॅम साखर असते, 150 मिली ओतलं की पंधरा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे, तीन पेग झाले की बारा चमचे साखर पोटात. चवीसाठी कोला हवाच असेल तर निम्मा कोला निम्मा सोडा आणि वर अर्धं लिंबू पिळा, रमची चव वर येते. आणि छोटी बाटली घ्या, 250 मिलीची, थंडगार. थंड द्रवात गॅस टिकतो, कोमट कोला ग्लासात पडता पडताच बसतो.

फौजी_काका

पेलाभर, धागा चांगला काढलास बेटा. रमवर मला बोलायलाच हवं, नोकरीची सगळी वर्षं तीच प्यायलो.

तुमच्या पिढीला रम म्हणजे ओल्ड मंक एवढंच माहीत, वाईट नाही, 1954 पासून आहे, मोहन मीकिनची, त्या कंपनीची मुळं 1855 सालच्या कसौलीच्या डायर ब्रूअरीपर्यंत जातात. पण लोक ती भर मे महिन्यात कोल्यात पितात याचं मला नवल वाटतं. रम थंडीची आणि पावसाची. गरम पाण्यात घेऊन बघा.

करायचं असं. जाड काचेचा ग्लास नाहीतर चहाचा मग घ्या. त्यात दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, सुपारीएवढा काळा गूळ आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी, साल फक्त हिरवी-पिवळी घ्यायची, आतला पांढरा भाग कडू असतो. वरून उकळतं पाणी 120 मिली ओता आणि वर बशी झाका, पाच मिनिटं विसरून जा. मसाला पाण्यात उतरला, पाणी जरा निवलं की मग रम 60 मिली. रम शेवटी. उकळत्या पाण्यात रम ओतली की वाफेबरोबर सगळा अल्कोहोल सरळ नाकात जातो, डोळ्यात पाणी येतं, आणि लोक म्हणतात गरम रम कडक लागते. निवलेल्या पाण्यात घातली की अजिबात नाही. लिंबाचा रस हवा तर चार थेंब, जास्त नको, गुळाशी भांडतो.

महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरमधे जाणाऱ्यांनी लवंग-दालचिनीची पुडी बॅगेत टाकून न्यावी, हॉटेलच्या खोलीतली किटली पुरते. एक मोठा ग्लास, हळूहळू, बस्स. आमच्याकडे दुसरा मागणाऱ्याला जेवण वाढायचे.

डॉक्टर_साताऱ्याचे

काकांची कृती उत्तम, मी स्वतः अशीच घेतो. फक्त एक गोष्ट सांगतो, काका तसं म्हणाले नाहीयेत पण लोक म्हणतात, की रम घेतली की थंडी बाधत नाही. उलट आहे. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं म्हणून ऊब वाटते, पण शरीराची उष्णता तेवढ्याच वेगाने बाहेर जाते. तेव्हा शेकोटीजवळ घरात घ्या, पिऊन गच्चीवर किंवा गडावर उघड्यावर झोपू नका. सर्दी-खोकल्यावर औषध म्हणूनही नको आणि मुलांना तर चमचाभरसुद्धा नको.

आता आकडे आलेच आहेत तर हेही घ्या. 42.8 टक्क्यांचा 60 चा पेग म्हणजे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढतं, म्हणजे एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास. कॉफी, ताक, लिंबूपाणी, थंड आंघोळ यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी अजिबात नको, साखर एकदम खाली जाऊ शकते आणि सोबतच्यांना वाटतं की याला चढलीय. जुलाबावर मेट्रोनिडाझोल चालू असेल तर तो कोर्स संपून दोन-तीन दिवस होईपर्यंत दारू बंद. गाडी चालवायची असेल तर एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मधे स्पष्टच म्हटलंय की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, म्हणून मला या धाग्यातला पाणी जास्त, दारू कमी हा सूर फार आवडला.

वेंगुर्ल्याची_ताई

तुम्ही सगळे रम-व्हिस्कीत रमलात, आमच्या बाजूची खरी गंमत कोणी काढलीच नाही! हुर्राक. माझं सासर वेंगुर्ले आणि आत्या पेडण्यात दिलेली, त्यामुळे काजूचा सगळा कारभार लहानपणापासून बघितलाय.

बोंडू (काजूचं फळ) झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपसूक खाली पडलेलेच गोळा करतात, मार्च ते मे. बी पिळून वेगळी काढायची, बोंडू दगडाच्या कुंडीत पायाने तुडवायचे, मग उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो रस निथळतो तो नीरो, गार करून प्यायला अमृत, त्यात दारूचा अंशही नसतो. तुडवताना आधी निघालेला रस भांड्यात ठेवला की वरून काही न घालता दोन-तीन दिवसात आपला आपण आंबतो. मग भाटी लावायची, म्हणजे आंबलेला रस उकळून त्याची वाफ गार करून दारू काढायची. पहिल्या धारेला जे येतं ते हुर्राक, साधारण 15 टक्के. तेच पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर भाटीवर चढवलं की फेणी, ती 42 च्या पुढेमागे. काजूच्या फेणीला 2009 मधे भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मधे गोवा सरकारने तिला वारसा पेय जाहीर केलं. आणि आमच्या सिंधुदुर्गात काय, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती सगळीकडे लागल्या, बिया विकल्या जातात आणि बोंडू झाडाखाली कुजतात नाहीतर ट्रकात भरून गोव्याला जातात. दरवर्षी बघते आणि जीव तुटतो माझा.

असो. हुर्राक प्यायची रीत सोपी. उंच ग्लास, दोन मोठे तुकडे बर्फ, हुर्राक 90 मिली (15 टक्केच असते त्यामुळे हे व्हिस्कीच्या छोट्या पेगएवढंच झालं), अर्धं लिंबू, चिमूट मीठ आणि एक हिरवी मिरची मधे उभी चिरून, तुकडे करायचे नाहीत, नाहीतर बिया ग्लासभर होतात. वरून लोक लिम्का ओततात, मला फार गोड होतं, मी थोडी लिम्का आणि बाकी सोडा घालते. मिरचीचा तिखटपणा लगेच येत नाही, वास आधी येतो, अर्ध्या ग्लासानंतर जिभेच्या टोकाला चुरचुरतं, तेव्हा मिरची काढून टाकायची. उन्हाळ्याच्या दुपारी, जेवणाआधी, पडवीत. हुर्राक रात्रीचं पेय नव्हेच.

टिकत नाही ती, पावसाळा लागला की चव उतरते. आणि प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीतून विकत घेतलीत तर घरी आल्याबरोबर काचेच्या बाटलीत काढून फ्रीजमधे ठेवा. घरी म्हणजे गोव्यातल्या घरी हां. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, दोन बाटल्यांसाठी आख्खी सुट्टी पोलिसात घालवू नका. तिथे जाऊन प्या, निवांत.

फेणीचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी ती आगळात, म्हणजे कोकमाच्या खारट रसात, घेऊन बघावी. फेणी 30, कोकमाचं आगळ एक मोठा चमचा, सोडा, बर्फ. आगळ खारट असतं त्यामुळे वेगळं मीठ नको, अर्धा चमचा साखर घातली तर घाला. बाजारात अमृत कोकम म्हणून मिळतं ते गोड सरबताचं, ते घेतलं तर साखर नको, चिमूट मीठ हवं. रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात.

कसबा_पेठ

ताई, जबरदस्त! आगळ व्होडकात चालेल का? फेणी इथे कुठून आणू.

वेंगुर्ल्याची_ताई

चालेल की, व्हाइट रममधे त्याहून छान. व्होडकाला स्वतःची चव नसते त्यामुळे नुसतं कोकम लागतं, व्हाइट रममधे उसाचा गोडवा थोडा मागून येतो. पण आगळ चमचाभरच हां, पुण्याचे लोक सरबतासारखं ओततात.

ग्लासगोकर

इथे थोडी भर घालतो. स्कॉटलंडमधे इतकी वर्षं राहून एक पाहिलंय, इथली म्हातारी माणसं व्हिस्कीत पाणी घालायला अजिबात लाजत नाहीत, पबमधे पाण्याचा छोटा जग मागितला की लगेच मिळतो. कोरी पिणं म्हणजे दर्दीपणा ही समजूत मला आपल्याकडेच जास्त दिसते. व्हिस्की कंपन्यांचे ब्लेंडर (कुठल्या व्हिस्की मिसळायच्या ते ठरवणारी माणसं) तर वास घेताना ती पाणी घालून 20 टक्क्यांच्या आसपास आणतात, म्हणजे पेलाभर यांनी सांगितलेलं 30 ला 30. 2017 मधे स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर याचं गणित मांडलं, की व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो, आणि अल्कोहोल फार जास्त असेल तर आत द्रवात दडून राहतो. वर आला की नाकाला लागतो.

फक्त आपल्या साध्या भारतीय व्हिस्कीला हे जसंच्या तसं लागू करू नका. त्यातल्या बऱ्याचशा मळीपासून काढलेल्या स्पिरिटमधे थोडी माल्ट मिसळून केलेल्या असतात, म्हणूनच युरोपात त्यांना व्हिस्की म्हणून विकता येत नाही. त्यात पाण्याने उघडण्यासारखं फार नसतं. अशा व्हिस्कीला खरा न्याय सोडा देतो. उंच ग्लास बर्फाने गच्च भरायचा, व्हिस्की 30 ते 45, चमच्याने ढवळून ग्लास बाहेरून घामेजेपर्यंत थंड करायचं, मग फ्रीजमधला थंड सोडा तिप्पट-चौपट, ग्लासाच्या कडेने हळू, बर्फावर न आपटता. एकदाच, खालून वर चमचा फिरवायचा. जपानी लोक याला हायबॉल म्हणून जेवणाबरोबर पितात. तळलेल्या माशाबरोबर, खेकड्याच्या रश्श्याबरोबर अप्रतिम जातं.

आणि पैसे साठवून कधी चांगली घ्यायचीच असेल तर परदेशी बारा वर्षांच्या मागे लागण्याआधी आपल्या माल्ट घेऊन बघा. बंगळुरूच्या अमृतने त्यांची सिंगल माल्ट 2004 मधे विकायला काढली ती आमच्या या ग्लासगोमधे. आपल्या हवेत पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के उडून जाते, स्कॉटलंडमधे जेमतेम दोन, आपल्याकडे ती मुरतेही तशीच लवकर, त्यामुळे आपली पाच वर्षांची इथल्या बारा वर्षांच्या शेजारी ठेवली तरी लाजत नाही. गोव्याची पॉल जॉनही तशीच.

चातगावची_लेक

सगळं वाचलं. मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. आमच्याकडे 1993 पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात 1975 पासून. आमच्याकडची बंदी बायकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे. राज्यात इतर ठिकाणीही बायका मतदान घेऊन, आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकानं बंद करतात, ते हौसेने करत नाहीत. माझ्या घरात मी हे बघितलंय त्यामुळे असे छान छान धागे वाचले की पोटात गोळा येतो. बंद करा म्हणत नाही. पण ज्याला एका पेल्यावर थांबता येत नाही त्याला हे लिंबू-मिरची-कोकम काही उपयोगाचं नाही, एवढं तरी कोणीतरी लिहा.

पेलाभर

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं आणि ते इथे असायलाच हवं. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी हा धागा नाही, त्याने पहिला पेलाच घेऊ नये, आणि घरच्यांनी मदत मागण्यात लाज वाटून घेऊ नये. माझ्याही नात्यात असं घर आहे. मी मोजून ओता, पाणी घाला, जेवणाबरोबर घ्या असं पुन्हापुन्हा लिहितोय ते त्याच कारणाने.

डॉक्टर_साताऱ्याचे

पूर्ण अनुमोदन. हात थरथरणं, सकाळी उठल्या उठल्या लागणं, रोजचं प्रमाण गुपचूप वाढत जाणं ही लक्षणं असतील तर तो आजार आहे, उपचार आहेत, जिल्हा रुग्णालयातही मिळतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत आपल्या मनाने बंद करू नये, झटके येऊ शकतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

दुसरं, स्वस्त मिळते म्हणून बिनलेबलची, फुग्यातली, ओळखीच्याने आणलेली कसलीच घेऊ नका. 2015 च्या जूनमधे मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, मिथेनॉलने. मिथेनॉल वासाने, चवीने, पेटवून बघून, कशानेही ओळखता येत नाही. प्यायल्यानंतर काही तासांनी धुरकट दिसायला लागलं, पोटात दुखलं तर झोप काढत बसू नये, तडक दवाखाना.

मीठमिरची

मी जिन आणि व्होडकावाली. उन्हाळ्यात आमच्याकडे पन्हं तर होतंच, ते पाणी न घालता घट्ट बलक करून बरणीत ठेवते, कैरी उकडून, गूळ, वेलदोडा, केशराच्या दोन काड्या आणि मीठ. पाहुणे आले की तीन मोठे चमचे बलक, व्होडका 30, थंड पाणी किंवा सोडा, बर्फ. न पिणाऱ्यांना व्होडका सोडून तेच, सारख्याच ग्लासात, त्यामुळे सासूबाईंपासून भाच्यांपर्यंत सगळे एका ट्रेमधून उचलतात आणि कोणी वेगळं पडत नाही (ग्लास अदलाबदल होऊ नये म्हणून मी व्होडकावाल्यात पुदिन्याचं पान खोचते). कैरी भाजून केली तर धुरकट वास येतो, मग व्होडकाऐवजी काळी रम.

व्होडकाची बाटली फ्रीजरमधे ठेवली तरी चालते. घरचा फ्रीजर उणे 18 असतो, 42.8 ची दारू त्याला गोठत नाही, फक्त दाटसर होते आणि घशाला टोचत नाही. मला अशी पन्ह्यापेक्षा ताडगोळ्याबरोबर आवडते. ताडगोळे सोलून, कुस्करून, त्यातलं पाणी वाया न घालवता ग्लासात, वर व्होडका किंवा जिन 30 आणि थोडं लिंबू. साखर नाही, सोडा नाही. ताडगोळा इतका हळुवार असतो की त्यावर काहीही जोरकस घातलं की मेलाच.

जिनबद्दल, गेल्या काही वर्षात गोव्यात होणाऱ्या भारतीय जिन खरंच चांगल्या आहेत, 2017 ला ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी स्ट्रेंजर अँड सन्स, आता मोठ्या दुकानात सहज मिळतात. टॉनिक मात्र छोट्या बाटलीतलं किंवा कॅनमधलं, फ्रीजमधलं. जिन 30 ला टॉनिक 90, मोठा बर्फ, बस. वर काय घालायचं तर लिंबाची फोड सगळेच घालतात, तुम्ही गवती चहाचं एक पातं गाठ मारून टाका आणि पाच-सहा मिऱ्या जाडसर ठेचून. टॉनिकमधल्या क्विनीनचा कडवटपणा आणि मिरी एकमेकांना धरून राहतात.

नागपूरचा_भाऊ

अन चकण्याचं काय? इतकं लिवलं तुम्ही अन चकणा नाही!

वेंगुर्ल्याची_ताई

सुका जवळा, तव्यावर कोरडा भाजून, कांदा, खोबरं, लिंबू, मिरची. संपला विषय.

पेलाभर

भाऊ, चकण्यात एकच बघा, मीठ. खारे शेंगदाणे, वेफर्स, शेव असलं की तहान लागते आणि माणूस पाण्याऐवजी पेल्याला हात घालतो. त्यापेक्षा कुकरमधे उकडलेले शेंगदाणे टरफलासकट, उकडलेली अंडी मिरपूड टाकून, काकडी, तळलेले बोंबील. शेंगा सोलण्यात हात गुंततो तेवढा वेळ ग्लास खाली राहतो. आणि पाण्याचा तांब्या मधोमध, प्रत्येक पेल्याला एक ग्लास साधं पाणी.

कसबा_पेठ

दोन शंका. उघडलेली बाटली किती दिवस टिकते? आणि घरी प्यायलाही परमिट लागतं म्हणतात ते खरं का?

ग्लासगोकर

दारू खराब होत नाही, पण बाटली अर्ध्याखाली गेली की आतल्या हवेने वास विरत जातो, तीन-चार महिन्यात फरक कळतो. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ काढून ठेवा. ऊन लागू देऊ नका आणि बुचाची बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की दारू बूच खाते.

फौजी_काका

परमिट खरंच लागतं. 1949 चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून आहे. वर्षाचं 100 रुपयांत, आजीवन 1000 रुपयांत, उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो. रम-व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं, बिअर-वाइनला 21. एकदाच हजार भरून काढून टाक, कार्ड पाकिटात ठेव.

कसबा_पेठ

आभार काका. ताई, शेवटचं, आगळाची बाटली आणलीय, उघडल्यावर फ्रीजमधे ठेवायची का?

वेंगुर्ल्याची_ताई

नको. मीठ भरपूर असतं त्यात, बाहेर वर्षभर राहतं. फक्त स्टीलच्या किंवा पितळी भांड्यात काढू नका, आंबट आहे ते, धातूला लागतं. काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी घ्या, चमचा लाकडी, कोरडा. तळाला गाळ बसला तर घाबरू नका, हलवून घ्या.